'परवडत नाही' म्हणजे नेमकं काय?

गेल्या वर्षी बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात, व्यवस्थापकीय लेखांकनाच्या तासाला मी महावितरणचं एक जुनं बिल घेऊन गेलो. घरगुतीच, नाव-पत्ता खोडलेलं. बिल हातोहात फिरवलं आणि विचारलं, "यातला स्थिर खर्च कुठला आणि बदलता कुठला?" सीमांत परिव्ययाचं, म्हणजे खर्चाचे स्थिर आणि बदलते भाग पाडून निर्णय घ्यायचं, प्रकरण नुकतंच संपलेलं, चाचणीत बऱ्याच जणांना पैकीच्या पैकी गुण. तरी बराच वेळ कुणी बोलेना. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, यात दिलेलं नाहीये."

दिलेलं होतं. चक्क मराठीत छापलेलं होतं: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. महिनाभर घराला कुलूप लावून गावाला गेलात तरी पहिला चुकत नाही. उरलेले दोन मीटर फिरेल तसे फिरतात. पण त्या मुलाची 'स्थिर खर्च' या शब्दाशी ओळख "स्थिर खर्च रु. २,००,०००" अशा छापील ओळीतूनच झालेली. तशी ओळ समोर नसली की तो शोधायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. यात त्याचा दोष मी धरत नाही. पेपर आम्ही काढतो.

व्यवस्थापकीय लेखांकन बी.कॉम.ला आहे, बीबीएला आहे, एमबीएच्या पहिल्या वर्षाला तर हमखास. आर्थिक लेखांकन आणि या विषयात काय फरक, हा पाच गुणांचा प्रश्न ठरलेला, आणि त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. ताळेबंद बाहेरच्यांसाठी: बँक, भागधारक, प्राप्तिकर खातं. त्याला कायद्याने नमुना ठरवून दिलाय, तो झाल्या गोष्टींचा हिशेब सांगतो. व्यवस्थापकीय लेखांकन आतल्यांसाठी. उद्या काय करायचं ते ठरवणाऱ्यासाठी. त्याला ठरलेला नमुना नाही. एवढं लिहून पाच गुण घेतलेला विद्यार्थी पुढच्याच पानावर एका ठरलेल्या नमुन्यात गणित मांडतो: विक्री वजा बदलता खर्च, बरोबर अंशदान, वजा स्थिर खर्च, बरोबर नफा. खाली दोन रेघा. मधल्या विसंगतीकडे त्याचंही लक्ष जात नाही, आमचंही नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. या विषयाचा पाया सूत्रांत नाही. एखादा खर्च धरायचा की सोडायचा, हे ठरवण्याआधी 'कशासाठी?' असं विचारावं लागतं, आणि तो प्रश्न विचारायची सवय हाच इथला पाया. आपण मात्र तो प्रश्न विद्यार्थ्याच्या वतीने आधीच सोडवून देतो आणि उरलेली बेरीज-वजाबाकी त्याच्याकडून करून घेतो. आज ती बेरीज-वजाबाकी मोबाईलसुद्धा करतो.

हा विषय जन्मला तोही अडचणीतूनच. इंग्लंडमध्ये जोसाया वेजवूड नावाचा मातीच्या भांड्यांचा कारखानदार होता. १७७२ मध्ये तिथे मंदी आली, माल पडून राहिला, रोकड आटली. तेव्हा तो एकेका भांड्याचा खर्च काढायला बसला. हिशेबात गोलमाल करणारा कारकून त्यात सापडला, ही गोष्टीतली मजेची बाजू. पण त्याहून मोठी गोष्ट त्याने भागीदाराला पत्रात कळवली: काही खर्च घड्याळासारखे चालत राहतात, माल थोडा काढा की खूप. म्हणजे एकाच घडणीची भांडी जास्त काढली की नगामागचा खर्च उतरतो आणि किंमत कमी करायला वाव मिळतो. स्थिर खर्च, बदलता खर्च हे शब्द त्याच्याकडे नव्हते. माल पडून असताना काय करायचं, हा प्रश्न होता, म्हणून त्याला ते दिसलं. आमच्या विद्यार्थ्याकडे सगळे शब्द आहेत.

आता एका विद्यार्थिनीची गोष्ट. तिला मी घरच्याच एखाद्या धंद्याचा खर्च काढून आणायला सांगितलं होतं. घरी दोन गाई. तिने आणलेले आकडे सोपे करून सांगतो. दिवसाला १८ लिटर दूध, दर ३० रुपये, म्हणजे ५४० रुपये. पशुखाद्य, विकतचा चारा, डॉक्टर, औषधं असा रोख खर्च सरासरी ३९०. उरले १५०. लिटरमागे खर्च २१ रुपये ६७ पैसे. घरात सगळ्यांची समजूत हीच होती: फार नाही, पण चाललंय.

मग तिने आईचे तास मोजले. पहाटेची धार, शेण, चारा कापून आणणं, पाणी, संध्याकाळची धार. पाच तास. गावात बाईमाणसाची शेतमजुरी सहा तासांना ३०० रुपये. त्या दराने आईचे २५० झाले. खर्च ६४० वर गेला, लिटरमागे ३५ रुपये ५६ पैसे, आणि १५० रुपयांच्या शिलकेच्या जागी १०० रुपयांचा तोटा. वडिलांना तिने हे दाखवलं तर ते उखडले. "मग काय, गाई विकू?" वर्गात येऊन तिने मलाच विचारलं, "सर, बरोबर कोण?"

या प्रश्नावर मी आख्खा तास घालवला, आणि माझ्या मते त्या सत्रातला तोच खरा तास. कारण दोघंही बरोबर होते. दोघांचे प्रश्न वेगळे होते. वडिलांचा प्रश्न होता, गाई ठेवायच्या की विकायच्या. त्यासाठी विचारायला हवं की गाई विकल्या तर आई त्या पाच तासांत काय करेल. पहाटे पाच ते सात या वेळेत गावात कुणी मजुरीवर बोलावत नाही. म्हणजे तेवढ्या वेळेला या निर्णयापुरता दुसरा मोबदला नाही. दुपारचे चारा कापण्याचे दोन तास मात्र तसे नाहीत. ते शेतमजुरीला देता आले असते, त्याचे पैसे धरायला हवेत. विकतच्या चाऱ्याचा खर्च गाईंबरोबरच जाईल, तो धरायचाच. गोठा बांधून झालाय, त्याचे पैसे आता परत येत नाहीत, तो सोडायचा. शेणखत स्वतःच्या रानात जातं. गाई गेल्या तर खत विकत आणावं लागेल, ते जमेला धरायचं. एवढं केल्यावर वडिलांचं 'चाललंय' बऱ्यापैकी टिकलं.

पण मुलीचा प्रश्न वेगळा होता. दुधाला ३० रुपये हा दर न्याय्य आहे का? तिथे आईचे पाचही तास धरायलाच हवेत. नाहीतर आपण असं म्हणतोय की पहाटे पाचला दुसरं काम नाही, म्हणून त्या श्रमाची किंमत शून्य. तो हिशेब नाही, मस्करी आहे. दुधाचा ग्राहक, डेअरी, सरकार, सगळे मिळून त्या बाईच्या पाच तासांवर जगतायत, आणि तिच्या घरच्या वहीतही ते तास कुठे लिहिलेले नाहीत.

वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे खर्च धरावे लागतात, हे अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉन मॉरिस क्लार्क यांनी १९२३ मध्ये मांडलं होतं. शंभर वर्षं उलटली. आमच्या पेपरात अजूनही 'उत्पादनखर्च काढा' एवढंच असतं. कशासाठी ते नसतं.

आणि ही घरगुती गोष्ट नाही. महाराष्ट्रात गेल्या पन्नास वर्षांतली एक मोठी चळवळ याच प्रश्नावर उभी राहिली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची मुख्य मागणी होती उत्पादनखर्चावर आधारित रास्त भाव, आणि घोषणा होती 'भीक नको, हवे घामाचे दाम'. चाकणच्या कांदा आंदोलनात लोक रस्त्यावर उतरले ते कांद्याला खर्च भरून निघेल असा भाव मिळावा म्हणून, आणि त्यामागे प्रश्न होताच: खर्च म्हणजे काय, हे कोण ठरवणार? आजही तोच वाद आहे, फक्त त्याला आता इंग्रजी अक्षरं चिकटलीत. कृषिमूल्य आयोग पिकाचा खर्च वेगवेगळ्या पातळ्यांवर काढतो. ए-टू म्हणजे खिशातून गेलेला खर्च: बियाणं, खत, मजुरी, खंडाने घेतलेल्या जमिनीचा खंड. त्यात घरच्या माणसांच्या न दिलेल्या मजुरीची किंमत मिळवली की ए-टू अधिक एफएल. त्याहीवर स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज धरलं की सी-टू. स्वामिनाथन आयोगाने खर्चावर किमान ५० टक्के वाढ देऊन हमीभाव ठरवावा अशी शिफारस केली. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात सरकारने दीडपट भाव देण्याचं जाहीर केलं, पण पाया धरला ए-टू अधिक एफएलचा. शेतकरी संघटना म्हणतात, सी-टू धरा. सगळं भांडण एका ओळीचं आहे: घरच्या जमिनीचं भाडं आणि घरच्या भांडवलाचं व्याज खर्चात धरायचं की नाही?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे भांडण सगळ्यात आधी कळायला हवं. त्याच्या पुस्तकात 'आरोपित खर्च' (प्रत्यक्ष न दिलेला, पण हिशेबात धरलेला) आणि 'संधी परिव्यय' (दुसरीकडे मिळालं असतं ते सोडल्याची किंमत) अशा दोन संज्ञा आहेत, एकेकीला दोन ओळींची व्याख्या आहे आणि पुढे प्रकरण संपलंय. त्यातल्या किती मुलांच्या घरी सोयाबीन आहे, कापूस आहे, दूध आहे! मराठीत या सगळ्यासाठी रोजच्या वापरातला एक धडधाकट शब्द आहे: परवडणे. "परवडत नाही रे" असं बाप म्हणतो तेव्हा तो यातला नेमका कुठला खर्च भरून निघत नाही म्हणतोय, एवढं पोराला सांगता आलं तरी विषयाचा निम्मा पाया झाला असं मी समजेन.

दुसरं उदाहरण एसटीचं. दर काही महिन्यांनी बातमी येते: भारमान (गाडीतल्या भरलेल्या जागांचं प्रमाण) कमी, फेरी तोट्यात, बंद करणार. समजा एका खेड्याची जाऊन-येऊन ८० किलोमीटरची फेरी आहे. महामंडळाचा सगळा खर्च धरून किलोमीटरला ६० रुपये पडतात आणि त्या फेरीचं उत्पन्न किलोमीटरला ३८ रुपये. तोटा २२ रुपये, फेरीला १,७६०. साहेब म्हणणार, बंद करा. पण बंद केल्यावर वाचणार काय? डिझेल, टायर, तेल-दुरुस्तीचा काही भाग. समजा २४ रुपये. चालक-वाहकाचा पगार सुरूच, आगाराची इमारत जागच्या जागी, विभागीय कार्यालयातला साहेबही. म्हणजे फेरी बंद केल्यावर ३८ येणं थांबलं आणि २४ जाणं थांबलं. किलोमीटरला १४ रुपये, फेरीला १,१२० रुपये उलट गेले. 'तोट्यातली' फेरी बंद करून तोटा वाढला, आणि तो आता दुसऱ्या कुठल्यातरी फेरीच्या नावावर दिसणार. मग तीही तोट्यात.

इथपर्यंत पुस्तकातही आहे, फक्त तिथे एसटीऐवजी 'उत्पादन क, ख, ग' असतं. खरी मजा पुढे आहे. तीच गाडी दुसऱ्या मार्गावर किलोमीटरला ५० रुपये आणत असेल आणि गाड्याच कमी असतील, तर खेड्याची फेरी चालू ठेवणं म्हणजे किलोमीटरला १२ रुपये सोडणं. उत्तर उलटलं. त्या खेड्यातले लोक तालुक्याला येऊन पुढे पुण्या-मुंबईची एसटी पकडत असतील, तर खेड्याची फेरी गेल्यावर ते वडापने येतील आणि पुढचा प्रवासही कदाचित खासगी गाडीनेच करतील. उत्तर पुन्हा उलटलं. आणि उत्पन्न ३८ म्हणजे काय? मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं भाडं आहे, ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास. या सवलतींची भरपाई सरकार महामंडळाला देतं. मग ३८ हा कंडक्टरच्या बॅगेतला आकडा की भरपाई धरून? अहिल्याबाई होळकर योजनेत शाळेच्या पासवर जाणाऱ्या मुली बॅगेच्या हिशेबात शून्य असतात.

मला इथे खेड्याची बाजू घ्यायची नाही. एखादी फेरी खरोखर बंदच करायला हवी असेल. पण जो पदवीधर उद्या त्या कार्यालयात बसून फायलीवर 'तोटा' असा शेरा मारणार आहे, त्याला २२ रुपये आणि १४ रुपये यांतला फरक कळावा. या दोन आकड्यांच्या मधे एखाद्या मुलीची अकरावी असते.

अशी उदाहरणं दिली की काही सहकारी मला सीमांत परिव्ययाचा प्रचारक समजतात. तसा मी नाही. या पद्धतीची जी किंमत माणसं मोजतात ती बघायची तर इचलकरंजीला जावं. तिथे 'खर्चीवाले' म्हणून यंत्रमागधारक आहेत. सूत व्यापाऱ्याचं, माग यांचा. विणून द्यायचं आणि मजुरी घ्यायची. बाजार पडला की मजुरीचा दर पडतो. खर्चीवाला हिशेब करतो: कामगार, वीज, थोडंफार सुट्या भागांचं निघतंय ना? मग घे काम. माग बंद ठेवण्यापेक्षा बरं. एका आठवड्यापुरतं हे अगदी बरोबर, पुस्तकाबरहुकूम. पण सगळेच दर आठवड्याला असाच विचार करतात, आणि मजुरीचा दर कायमचाच वीज-कामगाराच्या काठावर येऊन बसतो. मागाची झीज कुणाच्याच दरात येत नाही. दहा-पंधरा वर्षांनी माग मोडकळीला येतो तेव्हा नवा घ्यायला पैसे नसतात, आणि त्या दिवशी उमगतं की इतकी वर्षं आपण मागच थोडा थोडा विकत होतो. पुस्तकात 'सीमांत परिव्ययाच्या मर्यादा' असे पाच मुद्दे असतात. त्यातला कुठलाही एक मुद्दा खर्चीवाल्याच्या गोष्टीएवढा डोक्यात बसत नाही.

मुदत किती, हाही 'कशासाठी'चाच एक भाग. आठवड्याभरात जवळजवळ सगळेच खर्च स्थिर. वीस वर्षांत एकही स्थिर नाही. आमचा छापील स्थिर खर्च मात्र मुदतीशिवायच येतो.

आणि मग साखर. पश्चिम महाराष्ट्रात बसून हा विषय शिकवायचा आणि ऊस बाजूला ठेवायचा, हे मला कळतच नाही. समजा रोज ५,००० टन गाळपाचा कारखाना आहे आणि वर्षाचा स्थिर खर्च ४० कोटी. हंगाम १६० दिवस चालला तर ८ लाख टन गाळप, टनामागे स्थिर खर्च ५०० रुपये. ऊस कमी पडून हंगाम १०० दिवसांत आटोपला तर ५ लाख टन, टनामागे ८०० रुपये. कुणी चोरी केली नाही, कुणी आळस केला नाही, टनाला ३०० रुपये चढले. गावात याचा अर्थ दोनच प्रकारे लावला जातो: संचालकांनी खाल्ले, किंवा निसर्गाने मारलं. तिसरी शक्यता कुणी बोलत नाही. शेजारच्या चार कारखान्यांनी आपापली क्षमता वाढवली, ऊस तेवढाच राहिला आणि सगळ्यांचेच दिवस घटले. प्रत्येकाच्या प्रकल्प अहवालात विस्तार 'परवडत' होता. अहवालात दिवस १६० धरले होते. हा आकडा कुणी आणि कशावरून धरला, हे विचारायला ना गणित लागतं ना सूत्र. फक्त सवय लागते.

साखरेत आणखी एक रत्न दडलेलं आहे. उसाच्या एका टनातून साखर निघते, मळी निघते, बगॅस (जाळून वीज करता येते तो चोथा) निघतं, प्रेसमड (रसातला गाळ) निघतं. उसाची किंमत या चौघांत वाटायची कशी? संयुक्त उत्पादनाचं प्रकरण म्हणून पेपरात याला दोन पद्धती असतात आणि दोन्हींची उत्तरं ठरलेली असतात. खरी गोष्ट अशी की कुठलीच वाटणी 'खरी' नाही. सगळा खर्च साखरेवर टाकला की बगॅस फुकट पडतं आणि सहवीजनिर्मिती झकास नफ्यात दिसते, साखर रडत बसते. थोडा बगॅसवर टाकला की उलट. केंद्राने नेमलेल्या सी. रंगराजन समितीने २०१२ मध्ये हा पेच कसा सोडवला ते बघण्यासारखं आहे. शेतकऱ्याला साखर आणि उपपदार्थ मिळून जे मूल्य येईल त्याच्या ७० टक्के, किंवा उपपदार्थ बाजूला ठेवून नुसत्या साखरेच्या मूल्याच्या ७५ टक्के. तिच्या पाठोपाठ २०१३ मध्ये महाराष्ट्राने ऊसदराचा कायदा केला आणि ऊस नियंत्रण मंडळ आणलं. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या लाखो घरांचा पैसा एका संयुक्त-परिव्ययाच्या सूत्रावर वाटला जातो. आमच्या मुलांना ते प्रकरण 'ऐच्छिक आहे, सोडून द्या' असं सांगितलं जातं.

वाटणी मनमानी असली तरी निर्णय मनमानी नसतो, हे इथेच नीट शिकवता येतं. बी-हेवी मळीतून (जिच्यात अजून बरीच साखर असते) इथेनॉल करायचं की त्यातली साखर आधी काढून घ्यायची? या प्रश्नाला उसाची किंमत लागतच नाही. ऊस दोन्हीकडे तोच. लागतं फक्त एवढंच: किती साखर सोडावी लागेल, इथेनॉल किती जास्त मिळेल, आणि मधला खर्च किती. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंधन आणलं तेव्हा कित्येक कारखान्यांची अशी गणितं एका रात्रीत मोडली. एखादं गृहीतक बदललं तर उत्तर किती हलतं, हे संवेदनशीलता विश्लेषण म्हणून जे शिकवतात ते याहून चांगलं कशाने शिकवणार?

आता आक्षेप. ते खोटे नाहीत. पहिला, तपासणीचा. गृहीतक विद्यार्थ्याने स्वतः धरलं की प्रत्येकाचं उत्तर वेगळं येणार. तीनशे पेपर तपासणारा माणूस काय करणार, आणि फोटोकॉपी मागवून भांडणाऱ्याला काय सांगणार? दुसरा, सीएमए (परिव्यय लेखापाल) किंवा सीएला जाणाऱ्यांना वेग लागतो, सराव लागतो. गोष्टी सांगून तो येत नाही. मला हा आक्षेप मान्य आहे. गणितं काढू नका असं मी म्हणतच नाही. हाताने दोनशे गणितं केल्याशिवाय आकड्याची भीती जात नाही. पण दोनशेपैकी दहा तरी अशी असावीत ज्यात काय धरायचं हे दिलेलं नाही.

तिसरा आक्षेप कुणी उघड घेत नाही, तो मीच घेतो. शिकवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी कारखाना आतून पाहिलेला नसतो, आणि त्यांना त्यासाठी दोष देण्यात अर्थ नाही. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक तासाला मोजून पैसे घेतो, सुट्टीत शून्य. महाविद्यालयाच्या हिशेबात तो शुद्ध बदलता खर्च. अशा माणसाने शनिवारी पदरमोड करून आगारात जाऊन फेऱ्यांचे आकडे आणावेत, ही अपेक्षा करणाऱ्याने आधी त्याचं अंशदान काढून पाहावं.

तरी जागा आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक दिले. बरेचदा त्याचं काय होतं ते आपण पाहतो: सीएच्या कार्यालयात दीड महिना बिलांच्या नोंदी, शेवटी शिक्का मारलेलं प्रमाणपत्र. त्याऐवजी एक ग्रामपंचायत घ्या. पाणीपुरवठ्याच्या मोटारीचं बिल, पाणीपट्टीची वसुली, गळती, शिपायाचा पगार. घरामागे पाणी किती रुपयांना पडतं? पाणीपट्टी दुप्पट केली तर वसुली दुप्पट होते का? सौर पंप घेतला तर कुठला खर्च जातो आणि कुठला नुसताच नाव बदलून राहतो? कागद ग्रामपंचायतीच्या कार्यालयात असतात आणि मुलाचा काकाच सदस्य असतो.

मी स्वतः एकदा असा प्रश्न पेपरात घातला होता. एसटीचीच फेरी, पण खर्चाचे स्थिर-बदलते भाग न पाडता. डिझेल, पगार, आगाराचं भाडं, दुरुस्ती अशी नुसती यादी. 'फेरी बंद करावी का? कुठले खर्च धरले, कुठले सोडले आणि का ते लिहा.' १० गुण. बैठकीत विचारलं गेलं, आदर्श उत्तर कुठाय? मी तीन वेगवेगळी उत्तरं दिली आणि लिहिलं, कारण पटण्याजोगं असेल तर तिन्हींना गुण द्या. बराच वेळ चर्चा झाली. प्रश्न राहिला. ज्या मुलाने वीजबिल बघून 'दिलेलं नाहीये' म्हटलं होतं, त्याने चालकाचा पगार सोडला आणि पुढे लिहिलं, 'कारण तो तसाही द्यावाच लागेल, पण नवीन भरती थांबली असेल तर धरावा.' मी त्याला नऊ दिले.

पुढच्या वर्षी तो प्रश्न 'किंवा'च्या खाली गेला. वरती मशीन-तास दर (यंत्र तासभर चालवायला किती खर्च येतो तो) काढायचं जुनं गणित होतं. शंभरातल्या त्र्याण्णव मुलांनी ते सोडवलं.